कामगार कोणाला म्हणायचं?

मागच्या जुलैतल्या एका मंगळवारी सकाळी मला पंधरा मिनिटांच्या मीटिंगचं निमंत्रण आलं. विषयाच्या जागी फक्त 'कनेक्ट' असा एक शब्द होता. आयटीत असाल तर तुम्हाला कळलंच असेल. स्क्रीनवर दोघं होते. एक माझा मॅनेजर, पण त्याचा कॅमेरा बंद. दुसरी एचआरमधली मुलगी, माझ्याच वयाची. ती म्हणाली, "प्रोजेक्ट संपतोय. संध्याकाळपर्यंत राजीनामा टाकलात तर रिलिव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल."

मी विचारलं, "आणि नाही टाकला तर?"

"तुम्ही टेक लीड आहात. कामगार कायदा तुम्हाला लागू होत नाही."

मी विचार करायला दोन दिवस मागून घेतले. ऐरोलीहून ठाण्याला आलो, तिथून डोंबिवली फास्ट पकडली आणि घरी येऊन बाबांना सांगितलं. ते चिडतील किंवा घाबरतील असं मला वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "तुझ्या हाताखालच्या पोरांच्या रजा तू मंजूर करतोस का?"

"नाही. ते मॅनेजर करतो."

"कोणाला कामावर घ्यायचं, कोणाला काढायचं, ते ठरवतोस?"

"नाही."

"मग दिवसभर करतोस काय?"

"कोड लिहितो."

"मग तू कामगारच," असं म्हणून ते स्टूल घेऊन माळ्यावरची फाईल काढायला गेले.

त्या फाईलबद्दल आधी सांगायला हवं. बाबा ठाण्यातल्या एका कारखान्यात फिटर होते. २००४ मध्ये त्यांना कामावरून कमी केलं, तेव्हा मी सात वर्षांचा होतो. त्याआधी दोन वर्षं कंपनीनं त्यांना 'सुपरवायझर' असं पद दिलं होतं. पगार जवळजवळ तोच, काम तेच, फक्त आयकार्ड नवं. आईनं तेव्हा पेढे वाटले होते. काढल्यावर त्या पदाचा अर्थ कळला. औद्योगिक विवाद कायद्यानुसार देखरेखीचं काम करणाऱ्याचा पगार महिना १६०० रुपयांच्या वर असेल, तर तो 'कामगार' नव्हे. त्यामुळे नोटीस नाही, भरपाई नाही, कामगार कोर्टही नाही. बाबांची केस नऊ वर्षं चालली आणि सगळा वेळ एकाच प्रश्नावर गेला: हा माणूस कामगार आहे की नाही? शेवटी हत्यारं घेतल्याच्या रजिस्टरवरच्या त्यांच्या सह्यांनी निकाल लावला. सुपरवायझर रोज स्वतःच्या नावावर पाने आणि कानस कशाला घेईल? २०१३ मध्ये पैसे मिळाले आणि त्यातूनच पुढे माझ्या इंजिनीअरिंगची फी भरली गेली.

फाईलमध्ये युनियनच्या वकिलांनी टाइप केलेला एक कागद होता. आधार म्हणून दिलेल्या जुन्या निकालांची ती यादी. त्यात तीन ठिकाणी बाबांनी पेन्सिलनं एकच नाव अधोरेखित केलं होतं: न्यायमूर्ती गजेंद्रगडकर. "हे आपल्या साताऱ्याचे," बाबा म्हणाले. त्यांना तेवढंच माहीत होतं. मला तेवढंही नव्हतं. पुढचे काही आठवडे येताजाता लोकलमध्ये मी या माणसाचे निकाल मोबाईलवर वाचत होतो. ते ऑनलाइन फुकट मिळतात. हा लेख त्या वाचनातून आला आहे.

दत्तक कोणाला म्हणायचं?

प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांचा जन्म १६ मार्च १९०१ चा, साताऱ्यातला. घराणं मूळचं कर्नाटकातल्या गजेंद्रगडचं. वडील बाळाचार्य संस्कृतचे विद्वान. प्रल्हाद साताऱ्यात मॅट्रिक झाले, धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात दोन वर्षं होते आणि मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत घेऊन एम. ए. झाले. १९२४ मध्ये पुण्यात आयएलएस लॉ कॉलेज सुरू झालं. तिथून १९२६ मध्ये कायद्याची पदवी घेऊन ते मुंबई हायकोर्टात वकिली करू लागले.

त्या काळी मुंबई हायकोर्टात वकिलीची दोन जगं होती. ओरिजिनल साइडला मुंबई शहरातले मोठे व्यापारी दावे चालत. तिथे विलायतेतून आलेल्या बॅरिस्टरांचा दबदबा. अपेलेट साइडला जिल्ह्या-तालुक्यांतून अपिलं येत: जमिनीची वाटणी, वारसा, देवस्थानं, दत्तक. साताऱ्याचा हा तरुण अर्थातच अपेलेट साइडला गेला. तिथे संस्कृत हे कामाचं हत्यार होतं, कारण हिंदू कायदा तेव्हा एका छापील कायद्यात मावत नव्हता. तो स्मृतींमध्ये, टीकांमध्ये आणि निबंधग्रंथांमध्ये पसरलेला होता आणि कोर्टं बरेचदा त्यांच्या इंग्रजी भाषांतरांवर चालत. गजेंद्रगडकरांनी हिंदू कायद्यावरच्या एका त्रैमासिकाचं संपादन केलं, आणि नंद पंडिताच्या 'दत्तकमीमांसा' या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती काढली.

दत्तकाचा ग्रंथ म्हटलं की आपल्याला धूळ खात पडलेलं पुस्तक आठवतं. पण साताऱ्याच्या माणसाला दत्तक म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. १८४८ मध्ये छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांनी मृत्यूच्या वेळी दत्तक घेतला आणि डलहौसीनं तो गादीचा वारस मानायला नकार दिला. साताऱ्याचं राज्य खालसा झालं. लढाई झाली नाही. 'वारस कोणाला म्हणायचं' या प्रश्नाचं उत्तर कलकत्त्यात बसलेल्या माणसानं दिलं, एवढंच.

मला या माणसाच्या पुढच्या चाळीस वर्षांच्या कामाचा धागा इथे दिसतो. पुत्र कोण, हिंदू कोण, मागास कोण, न्यायाधिकरण कशाला म्हणायचं, कामगार कोण. प्रत्येक वेळी खटला वरवर पैशांचा किंवा हक्काचा असतो, पण आत एक व्याख्या असते आणि ती ठरली की माणसं आत जातात किंवा बाहेर पडतात. आम्ही प्रोग्रामर रोज हेच करतो. कंडिशन लिहितो आणि त्या ओळीच्या कोणत्या बाजूला कोण पडलं ते विसरून जातो. न्यायाधीशाला तसं विसरता येत नाही. समोर वादी बसलेला असतो.

डोंबिवलीच्या बँकवाल्यांसाठी

१९४५ मध्ये ते मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. १९५१ मध्ये त्यांच्यासमोर आणि मुख्य न्यायाधीश छागला यांच्यासमोर नरसू अप्पा माळी खटला आला. मुंबई प्रांतानं १९४६ मध्ये हिंदूंमध्ये दुसरं लग्न करायला बंदी घातली होती. ही बंदी राज्यघटनेच्या विरोधात आहे का? दोघांनी बंदी कायम ठेवली. पण जाताजाता असंही म्हटलं की, धर्माधारित वैयक्तिक कायदे हे घटनेच्या तेराव्या कलमातल्या 'कायदा' या शब्दात येत नाहीत. म्हणजे ते मूलभूत हक्कांच्या कसोटीवर थेट तपासता येत नाहीत. निकालाचा पहिला भाग बायकांच्या बाजूचा होता. दुसरा भाग पुढे सत्तर वर्षं बायकांच्याच वाटेत येत राहिला. सुधारणेची बाजू घेणाऱ्या न्यायाधीशाच्या हातूनही व्याख्या अशी भलतीकडे जाऊ शकते.

नंतर बँकांचं प्रकरण आलं. आमच्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर एक तरी निवृत्त बँक कर्मचारी आहे. डोंबिवली, ठाणे, कल्याणचा एक मोठा मध्यमवर्ग बँकेच्या पगारावर उभा राहिला. त्या पगाराची पायाभरणी पन्नाशीच्या दशकातली. १९५३ मध्ये शास्त्री न्यायाधिकरणानं बँक कर्मचाऱ्यांच्या वेतनावर निवाडा दिला. त्यावर अपील झालं आणि अपिलाच्या निर्णयात केंद्र सरकारनं १९५४ मध्ये स्वतःच बदल केले. निषेध म्हणून कामगारमंत्री व्ही. व्ही. गिरी यांनी राजीनामा दिला. हेच गिरी पुढे राष्ट्रपती झाले. मग सरकारनं आयोग नेमला. आधी नेमलेले न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांचं निधन झालं आणि काम गजेंद्रगडकरांकडे आलं. त्यांनी १९५५ मध्ये अहवाल दिला आणि त्याच वर्षी संसदेनं त्यानुसार कायदा केला. आमच्या शेजारच्या काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अरे, आमच्या युनियनमधले जुने लोक बँक अवॉर्ड, बँक अवॉर्ड म्हणायचे, ते हेच!"

दिवाळीचा बोनस

जानेवारी १९५६ मध्ये ते सुप्रीम कोर्टात गेले. पुढची दहा वर्षं औद्योगिक कायद्याचे महत्त्वाचे खटले एकामागून एक त्यांच्या पीठासमोर आले. त्यातला एक १९५९ चा, असोसिएटेड सिमेंट कंपनीच्या बोनसचा.

बोनस म्हणजे मालकाची दिवाळीची बक्षिसी, की कामगारानं मिळवलेल्या नफ्यातला त्याचा वाटा? मुंबईच्या गिरण्यांच्या वादात कामगार अपील न्यायाधिकरणानं १९५० मध्ये एक सूत्र मांडलं होतं. एकूण नफ्यातून घसारा, आयकर, यंत्रं बदलण्याचा खर्च, भागभांडवलावर सहा टक्के आणि खेळत्या भांडवलात वापरलेल्या गंगाजळीवर थोडा परतावा वजा करायचा. उरेल त्यात कामगाराचा हिस्सा. कामगार संघटनांना यंत्रांसाठीची वजावट जाचक वाटत होती, कारण ती धरली की कागदावर बहुतेक वेळा काही उरतच नसे. गजेंद्रगडकरांच्या पीठानं सूत्र कायम ठेवलं. पण हा प्रश्न आयोगानं समग्र तपासावा, विधिमंडळानं कायदा करावा, असंही सुचवलं. १९६१ मध्ये एम. आर. मेहेर यांच्या अध्यक्षतेखाली बोनस आयोग बसला आणि १९६५ मध्ये बोनस कायदा आला. तोट्यातही किमान चार टक्के बोनस. आज तो आकडा ८.३३ आहे. तेव्हा वागळे इस्टेटमध्ये कारखाने उभे राहत होते आणि पुढे तिथल्या हजारो घरांत फ्रीज, शिलाई मशीन, सोन्याची मणी-वाटी याच आकड्यातून आली.

जे. जे. रुग्णालयातल्या दोघी

बाबांनी अधोरेखित केलेला पहिला निकाल १९६० चा: मुंबई राज्य विरुद्ध हॉस्पिटल मजदूर सभा.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालय समूहातल्या, वॉर्डात काम करणाऱ्या दोघी बायकांना कामावरून काढलं. कायद्यानुसार काढण्याआधी नोटीस आणि भरपाई द्यायला हवी होती. ती दिली नाही. सरकारचं म्हणणं असं की, रुग्णालय हा 'उद्योग' नाहीच. आम्ही नफा कमावत नाही, रुग्णसेवा करतो. उद्योग नाही म्हणून वाद औद्योगिक नाही, म्हणून या दोघींना कायदा लागू नाही.

सरकारच्या वकिलांचा एक मुद्दा भाषेचा होता. कायद्यातल्या व्याख्येत 'उपक्रम' हा शब्द धंदा, व्यापार, उत्पादन या शब्दांच्या शेजारी बसला आहे, तेव्हा त्याचा अर्थ शेजाऱ्यांवरून लावा, म्हणजे धंद्यासारखा उपक्रम एवढाच घ्या. गजेंद्रगडकर या वाटेनं गेले नाहीत. कायदा करणाऱ्यांनी मुद्दाम रुंद शब्द वापरला असेल, तर कोर्टानं तो शेजाऱ्यांच्या मापाचा का करावा? मग त्यांनी कसोटी मांडली. एखादं काम पद्धतशीरपणे, नेहमीसाठी, नोकरांच्या मदतीनं, व्यवसायाच्या धर्तीवर चालत असेल आणि त्यातून समाजाला वस्तू किंवा प्रत्यक्ष सेवा मिळत असेल, तर तो उद्योग. नफा आहे की नाही हे गौण. मालक सरकार आहे की शेठ हेही गौण. कायदे करणं, न्याय देणं यांसारखी राज्याची खास सार्वभौम कामं मात्र यातून बाहेर.

म्हणजे मालकाचा हेतू काय हे बघू नका, काम कसं चालतं ते बघा. जमीन पुसणाऱ्या बाईला मालकाच्या हेतूनं काय फरक पडतो?

ठाण्याच्या खाडीवरून गाडी जाताना मी हा भाग वाचला आणि मला बाबांच्या सह्यांचं रजिस्टर आठवलं. कोर्टानं त्यांच्या आयकार्डावरचा शब्द बघितला नव्हता. हात काय करत होते ते बघितलं होतं.

जे बाहेर राहिले

इथेच थांबलो असतो तर गजेंद्रगडकर आमच्या घरात फोटो लावण्याच्या लायकीचे ठरले असते. पण यादीतला दुसरा आणि तिसरा निकाल वाचल्यावर गोष्ट अवघड झाली.

१९६२ मध्ये मुंबईतल्या एका सॉलिसिटर फर्मच्या कारकुनांनी बोनस मागितला. गजेंद्रगडकरांनी निकाल दिला की, सॉलिसिटरची फर्म उद्योग नाही. कारण तिथलं मुख्य काम सॉलिसिटरच्या बुद्धीचं. टायपिस्ट, हिशेबनीस आणि शिपाई मदत करतात, पण पक्षकाराला मिळणाऱ्या सल्ल्यात त्यांचा थेट वाटा नाही. १९६३ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या दोन बसड्रायव्हरांचं प्रकरण आलं. ते मुलींना कॉलेजात नेत-आणत. बस तोट्यात म्हणून बंद केली आणि दोघांना काढलं. निकाल असा की, शिक्षण हे विद्यापीठाचं मुख्य काम, ते शिक्षक करतात आणि शिक्षक कायद्यानं कामगार नाहीत. बाकीच्यांचं काम दुय्यम, म्हणून विद्यापीठ उद्योग नाही. ड्रायव्हर बाहेर.

मला हे वाचून राग आला. रुग्णालयातलं मुख्य काम तरी वॉर्डातल्या बायका करत होत्या का? ते डॉक्टरांचंच होतं. तिथे ज्या न्यायाधीशाला झाडू मारणारे हात दिसले, त्याच न्यायाधीशाला विद्यापीठात स्टिअरिंगवरचे हात दिसले नाहीत. वकिली आणि अध्यापन हे त्यांचे स्वतःच्या आदराचे पेशे होते. कदाचित म्हणूनच त्यांना 'धंदा' म्हणायला जीभ वळली नसेल. हा माझा अंदाज आहे, निकालात असं लिहिलेलं नाही.

१९७८ मध्ये बंगलोर पाणीपुरवठा खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठानं हे दोन्ही निकाल मोडीत काढले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मुख्य निकाल लिहिला आणि पाया म्हणून जे. जे. रुग्णालयाचाच निकाल घेतला. गजेंद्रगडकर तेव्हा शहात्तर वर्षांचे होते. त्यांच्याच एका निकालाच्या जोरावर त्यांचेच दुसरे दोन निकाल पडले. त्यानंतर सुप्रीम कोर्टातच या व्याख्येवर पुन्हा शंका घेतली गेली आणि २०१७ मध्ये प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला गेला. दोन बायकांच्या नोकरीवरून निघालेली ही ओळ अशी वारंवार पुसली आणि पुन्हा काढली गेली आहे.

न्याय देणारा कोण?

जर्मनीत सरकारी अधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध जायचं तर वेगळी प्रशासकीय न्यायालयं आहेत. त्यांचं सर्वोच्च न्यायालय लाइपझिगला बसतं. तिथले न्यायाधीश आयुष्यभर हाच कायदा पाहतात. आपल्याकडे तशी सलग व्यवस्था उभी राहिली नाही. तुकड्यातुकड्यांनी न्यायाधिकरणं झाली, आणि बऱ्याच ठिकाणी निर्णय देणारा खुद्द सरकारच असतो. मग अशा निर्णयाला न्यायाचा दर्जा द्यायचा का?

१९६४ मध्ये हा प्रश्न पंजाबातल्या एका कल्याण अधिकाऱ्याच्या नोकरीवरून आला. कंपनीनं त्याला काढलं, नियमानुसार त्यानं राज्य सरकारकडे अपील केलं. सरकारनं दिलेल्या निर्णयावर सुप्रीम कोर्टात येता येतं का? तेव्हा सरन्यायाधीश असलेल्या गजेंद्रगडकरांनी पुन्हा नावाकडे न बघता कामाकडे बघितलं. दोन पक्षांचा वाद सोडवायची न्यायिक सत्ता राज्यानं ज्याला दिली, तो त्या कामापुरता न्यायाधिकरण आहे, मग त्याच्या दारावरची पाटी काहीही असो. त्यामुळे त्याच्या निर्णयावर सुप्रीम कोर्टाची नजर राहील. भारतात प्रशासकीय कायदा शिकणारी मुलं हा निकाल आजही वाचतात.

सैल वाक्य, घट्ट भिंत

१ फेब्रुवारी १९६४ ते १५ मार्च १९६६ ते सरन्यायाधीश होते. या काळात उत्तर प्रदेश विधानसभा आणि अलाहाबाद हायकोर्ट एकमेकांसमोर उभे ठाकले. विधानसभेनं एका माणसाला तुरुंगात टाकलं, हायकोर्टाच्या दोन न्यायाधीशांनी त्याला जामीन दिला, तेव्हा विधानसभेनं न्यायाधीशांनाच पकडून आणायचा ठराव केला. गजेंद्रगडकरांनी बहुमताचं मत लिहिलं की, या देशात विधिमंडळ सार्वभौम नाही, घटना आहे. निवृत्तीच्या दोन महिने आधी सत्संगी पंथाच्या खटल्यात 'हिंदू कोण' हा प्रश्न आला. दलितांना मंदिर खुलं करावं लागू नये म्हणून आम्ही हिंदू धर्माहून वेगळे, असा त्या अनुयायांचा दावा होता. संस्कृतच्या या पंडितानं टिळकांनी केलेली हिंदू धर्माची व्याख्या आधाराला घेतली आणि मंदिराचं दार उघडं ठेवलं.

पण माझ्यासारख्या इंजिनीअरिंगच्या रांगेतून आलेल्याला त्यांचा जो निकाल सगळ्यात जवळून लागला, तो १९६२ चा, बालाजी विरुद्ध म्हैसूर राज्य. म्हैसूरनं इंजिनीअरिंग आणि मेडिकलच्या ६८ टक्के जागा राखीव केल्या होत्या. गजेंद्रगडकरांनी तो आदेश रद्द केला आणि म्हटलं की, ढोबळमानानं बोलायचं तर राखीव जागा ५० टक्क्यांहून कमी असाव्यात. किती कमी, ते परिस्थितीवर. वाक्यच सैल आहे, ढोबळमानानं असं सांगूनच लिहिलेलं. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात ही मर्यादा नियम म्हणून पक्की झाली आणि २०२१ मध्ये महाराष्ट्राचा मराठा आरक्षणाचा कायदा याच मर्यादेवर अडला. त्या मर्यादेच्या अलीकडे-पलीकडे उभ्या असलेल्या दोन्हीकडच्या मुलांबरोबर मी शिकलो. चहाच्या टपरीवर आम्ही पन्नास टक्क्यांवरून तासन्‌तास भांडलो. हा आकडा पहिल्यांदा कोणी आणि किती चाचरत लिहिला, हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं.

त्यांच्या चुकाही मोठ्या होत्या. १९६० च्या बेरूबारी प्रकरणात त्यांनी लिहिलं की, प्रास्ताविका हा घटनेचा भाग नाही. १९७३ मध्ये केशवानंद खटल्यात सुप्रीम कोर्टानं ते चुकीचं ठरवलं.

निवृत्तीनंतर

निवृत्त झाल्यावर ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९७१ पर्यंत राहिले. माझ्या पदवीवर त्याच विद्यापीठाचा शिक्का आहे. दरम्यान देशातला पहिला राष्ट्रीय कामगार आयोग त्यांच्या अध्यक्षतेखाली १९६६ मध्ये नेमला गेला. १९६९ च्या अहवालातली एक शिफारस मी दोनदा वाचली: कामगारांचे वाद सरकारनं पाठवले तरच कोर्टात जातील ही पद्धत बदला, स्वतंत्र औद्योगिक संबंध आयोग नेमा. ते झालं नाही. बाबांचा वाद कोर्टात 'पाठवला' जाण्यासाठी २००४ नंतर चौदा महिने लागले. त्या काळात बाबा स्टेशनजवळ एका हार्डवेअरच्या दुकानात बसायचे. आयोगाचा अहवाल तेव्हा पस्तीस वर्षांचा झाला होता.

१९७१ ते १९७७ ते विधी आयोगाचे अध्यक्ष होते, म्हणजे आणीबाणीची पूर्ण एकवीस महिनेही त्यात आले. १९७२ मध्ये पद्मविभूषण मिळालं. १२ जून १९८१ रोजी त्यांचं निधन झालं.

माझा ईमेल

आता माझ्या प्रकरणाकडे. कायद्यात 'कामगार' या शब्दाखाली कोणकोणती कामं येतात त्याची यादी आहे: अंगमेहनतीचं, अकुशल, कुशल, तांत्रिक, कारकुनी, देखरेखीचं. बाबांनी माझ्या मोबाईलवर बोट ठेवून 'तांत्रिक' हा शब्द दाखवला. व्यवस्थापकीय काम करणारे बाहेर. देखरेख करणारे ठरावीक पगारापर्यंत आत. ती मर्यादा २०१० मध्ये १६०० वरून १०,००० झाली आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेत १८,००० आहे. त्याच संहितेत 'उद्योग' या शब्दाची व्याख्या वाचली तर नफ्याचा हेतू असो वा नसो, हे सरळ लिहिलेलं सापडतं. जे. जे.च्या निकालातली ओळ तिथपर्यंत पोचली आहे.

म्हणजे लीड या पदवीनं मी आपोआप बाहेर पडत नाही. प्रश्न असा की, माझं मुख्य काम कोणतं? मी रात्री बसून गेल्या सहा महिन्यांचं काम काढलं. किती कोड लिहिला, किती बग सोडवले, किती रात्री ऑन-कॉल होतो. आणि दुसऱ्या बाजूला: मंजूर केलेल्या रजा शून्य, केलेली अप्रेझल्स शून्य, घेतलेले निर्णय शून्य. हे बाबांच्या हत्याराच्या रजिस्टरसारखंच होतं, फक्त सह्यांच्या जागी तारखा आणि वेळा. दोन दिवसांनी एचआरला ईमेल केला: मी राजीनामा देत नाही. काढायचं असेल तर लेखी काढा, कायद्यानुसार नोटीस आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्या. सोबत कामाची यादी.

मीटिंगा झाल्या. एकदा प्रेमानं, एकदा धमकीनं. शेवटी पत्र आलं, त्यात 'राजीनामा' हा शब्द नव्हता. पाच वर्षांच्या नोकरीचे अडीच महिन्यांचे पैसे आणि नोटिशीचा पगार मिळाला. कंपनीनं मला कामगार मानलं, असं कुठेही लिहिलेलं नाही. 'सद्भावनेपोटी' असं लिहिलं आहे. कोर्टात गेलो असतो तर काय झालं असतं, कोणास ठाऊक.

माझ्या टीममधल्या चौघांना त्याच आठवड्यात तसंच निमंत्रण आलं होतं. मी माझा ईमेल त्यांना पाठवला, पण तोवर तिघांनी सही करून टाकली होती. त्यातला एक कल्याणचा, वर्षभरापूर्वीच लागलेला. तो म्हणाला, "आपण थोडेच कामगार आहोत, यार?" त्याचे वडीलही कारखान्यातच होते.

पत्राची प्रिंट बाबांनी पंच करून त्यांच्या फाईलमध्ये लावली, निकालांच्या यादीच्या मागे. मग फाईल परत माळ्यावर ठेवायला निघाले, तेव्हा आई म्हणाली, "राहू दे ना खालीच."